बकुळाबाईंचा नंबर

परळच्या त्या विद्यापीठात इंटरनेट न्याय्य रीतीने कसं वापरावं याचं एक धोरण होतं. कुलसचिवांच्या कार्यालयाने ते सगळ्या विद्यार्थ्यांना ईमेलने पाठवलं. सोबत काटकसरीचं महत्त्व सांगणाऱ्या भाषणाची चित्रफीतही जोडली. ती चित्रफीत सगळ्यांनी एकाच सकाळी उघडायला घेतली, त्यामुळे विद्यापीठाचं नेट दुपारपर्यंत आडवं झालं. धोरण कोणी वाचलं नाही. ज्यांना वाचायचं होतं त्यांच्याकडे ते उतरलंच नाही, आणि ज्यांच्याकडे उतरलं ते वाचणाऱ्यांतले नव्हते.

विद्यापीठ म्हणजे एका बंद गिरणीची उरलेली जागा. बाकीच्या जागेवर काचेचे टॉवर उभे राहिले होते, आणि बिल्डरांना नको असलेल्या तुकड्यावर शिक्षणाची सोय झाली होती. हॉस्टेल होतं कापसाच्या जुन्या गोदामात. भिंती अशा जाड की आत मोबाईलला रेंज म्हणून मिळायची नाही. खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून फोन धरला की टॉवरांतल्या कंपन्यांच्या वाय-फायची नावं एकाखाली एक दिसत, प्रत्येकापुढे छोटंसं कुलूप. मिठाईच्या दुकानाबाहेर उभं राहावं तशी पोरं ती नावं बघत आणि हात आत घेत. तेव्हा जे काय होतं ते हॉस्टेलची एकच लाइन. ती तीन मजल्यांनी वाटून घ्यायची आणि त्यावरून भांडायचं.

हॉस्टेलच्या रेक्टर होत्या डॉ. बकुळा परब. त्या संख्याशास्त्र शिकवत, हॉस्टेलच्याच तळमजल्यावरच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहत, आणि वाढल्या होत्या काळाचौकीच्या चाळीत. यातली तिसरी गोष्ट त्या पहिल्या दोन गोष्टींपेक्षा जास्त वेळा सांगत. साठीला टेकल्या होत्या, दोन वर्षांत निवृत्त व्हायचं होतं, आणि आपल्या मागे लोकांनी "बाई एक नंबर न्यायी होती" एवढं म्हणावं, इतकीच त्यांची इच्छा होती. एवढी इच्छा म्हणजे काही थोडीथोडकी नव्हे, पण ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या मुली तणतणत खाली आल्या. त्यांचे प्रोजेक्ट पाठवायचा शेवटचा दिवस होता आणि तिसऱ्या मजल्यावरचा दौलत दुपारपासून कसलीशी परदेशी मालिका पहिल्या भागापासून उतरवत बसला होता. दौलत रसायनशास्त्राचा विद्यार्थी. स्वभावाने सोन्यासारखा, पण नेटच्या बाबतीत नुसता दरोडेखोर. हॉस्टेलची सिस्टिम सांभाळणाऱ्या हितेंद्रने तिला कितीही कुलपं घालू देत, आपण ती उघडतो, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे.

"मॅडम, याचं नेट बंद करा!" मुली म्हणाल्या.

"बंद करून काय होणार गं?" बकुळाबाई म्हणाल्या. "उद्या दुसरा करेल. तुम्हाला वाटून घेणं ठाऊक नाही, हे खरं दुखणं आहे. आमच्या चाळीत मजल्याला एक नळ होता. वीस बिऱ्हाडं. पण कधी कोणाची घागर कोरडी राहिली नाही."

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. नळाची व्यवस्था त्यांच्या आईकडे होती. कोणी नेमलं नव्हतं, आपसूक तिच्याकडे आली होती. कोणाच्या आधी कोण, कोणाला किती हंडे, बाळंतिणीच्या घरी एक जास्त, सगळं तिच्या तोंडी. भांडण तिच्या दारात यायचं आणि तिथेच मिटायचं. 'नंबर म्हणजे नंबर गो! देव इलो तरी रांगेतच उभो रवतलो,' असं ती म्हणायची आणि देवसुद्धा ऐकेल अशा आवाजात म्हणायची.

"तसंच करू आपण," बकुळाबाई म्हणाल्या. "नंबर लावू."

आणि लावले. सकाळी एक मजला, दुपारी एक, संध्याकाळी एक, आणि दर आठवड्याला आलटापालट. ज्याचा नंबर त्याला सगळं नेट. इतरांना नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी जातील एवढं. हितेंद्र काळाचौकीचाच, त्यामुळे त्याला ही योजना एका वाक्यात समजली. फक्त त्याने एक प्रश्न विचारला.

"मॅडम, तुमचं क्वार्टर कुठल्या मजल्यात धरू?"

"क्वार्टर कशाला धरतोस रे? मी एकटी बाई. मला काय लागतं? दोन मेल बघते आणि झोपते."

"मग बाहेरच ठेवतो."

"ठेव की."

आपण आपला हिस्सा सोडला, असं बकुळाबाईंना त्या वेळी वाटलं. बरंही वाटलं.

नंबर लावल्यावर हॉस्टेलात जे झालं ते कुठल्याही चाळीतल्या माणसाने आधीच सांगितलं असतं. पोरं भरायला लागली. पूर्वी लागेल तेव्हा लागेल तेवढं घेत. आता आपला नंबर म्हटल्यावर पुन्हा कधी मिळेल या धास्तीने हाताला लागेल ते उतरवून ठेवू लागली. लॅपटॉप भरले, फोन भरले, पेन ड्राइव्ह भरले. दक्षिण कोरियातल्या स्वयंपाकाचे व्हिडिओ भरले, नासाने काढलेले गुरूचे फोटो भरले, ज्या परीक्षांना बसायचं नव्हतं त्यांच्या शिकवण्या भरल्या. एका मुलाने तर आख्ख्या आइसलँडचा नकाशा रस्त्यांसकट घेऊन ठेवला. चाळीत सकाळी नळ आला की बायका काल भरलेलं चांगलं पाणी 'शिळं झालं' म्हणून मोरीत ओतायच्या आणि ताजं भरायच्या. तशी ही पोरं काल उतरवलेलं न बघताच पुसून टाकत आणि त्याच जागेत नवं भरत.

रांगही आली. वाय-फायला रांग लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिकलेली मुलं होती. तरीपण आपल्या मजल्याचा नंबर सुरू व्हायच्या आधी जिन्यातल्या राउटरखाली लॅपटॉप ओळीने मांडून ठेवायची पद्धत पडली. पहिला कोणाचा, दुसरा कोणाचा, यावरून बाचाबाची होई. कोणी दुसऱ्याचा लॅपटॉप मागे सरकवला तर त्याची चार पिढ्यांपर्यंत विचारपूस होई. बकुळाबाई जिन्यावरून जाताना ती रांग बघत आणि त्यांचे डोळे भरून येत. हॉस्टेलचा नेटचा वापर दुप्पट झाला होता. तसं त्यांनी कुलसचिवांना कळवलं, आणि विद्यार्थ्यांचा शैक्षणिक सहभाग वाढल्याबद्दल कुलसचिवांनी त्यांचं अभिनंदन केलं.

अशात एके दिवशी नम्रता साळवे त्यांच्याकडे आली. नम्रता दुसऱ्या मजल्यावर राहायची. तिचं घर खरं तर चालत जाण्याच्या अंतरावर, डिलाईल रोडच्या चाळीत होतं. पण चाळ पाडून टॉवर व्हायचा म्हणून सगळ्यांना बाहेर काढलेलं, आणि आईवडील पार बदलापूरला भाड्याने राहत होते. मुलगी हुशार. क्षयरोगाच्या जंतूंवर काम करायचं हे तिने बारावीतच ठरवलं होतं. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत त्यासाठी दोन वर्षांतून एक जागा निघायची. ती निघाली होती, नम्रताला मुलाखतीला बोलावणं आलं होतं, आणि मुलाखत व्हिडिओवर होती. तिचे वडील धम्मपाल यांनी मुलाखत व्हायच्या आतच निम्म्या नातेवाइकांना सांगून टाकलं होतं.

"गुरुवारी सकाळी अकराला आहे, मॅडम. त्या आठवड्यात सकाळ पहिल्या मजल्याची आहे. मला फक्त एक तास मिळाला तर..."

बकुळाबाईंना ती मुलगी मनापासून आवडायची. म्हणूनच त्यांनी जास्त कडक व्हायचं ठरवलं.

"नम्रता, तुला दिला तर उद्या चाळीस जणी येतील. सगळ्यांचं काम महत्त्वाचंच असतं. नियम सगळ्यांना सारखा."

"लॅबमध्ये बसू का मग?"

"लॅबमध्ये त्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा आहे. असं कर. चाळीत आम्ही नंबर बदलून घ्यायचो. तू पहिल्या मजल्याशी बोल. ते देत असतील तर माझी ना नाही."

नम्रता पहिल्या मजल्याशी बोलली. पहिला मजला म्हणजे मुलगे. त्यांना क्रिकेटचा सामना बघायचा होता. एका तासाच्या बदल्यात त्यांनी दुसऱ्या मजल्याची आख्खी एक संध्याकाळ मागितली. दुसऱ्या मजल्याच्या मुलींनी संध्याकाळ द्यायचं कबूल केलं, पण त्याच्या बदल्यात त्यांच्या मेसमध्ये वाढायच्या पाळ्या महिनाभर नम्रताने करायच्या असं ठरलं. नम्रताने सगळं मान्य केलं. पोरं मात्र शब्दाला जागली. गुरुवारी अकराच्या आधी पहिल्या मजल्याने एकूणएक लॅपटॉप मिटवले आणि फोन बंद करून ते एका खोलीत पत्ते खेळत बसले. बकुळाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी मनात आईला नमस्कार केला.

त्याच गुरुवारी बकुळाबाईंच्या घरी बारसं होतं. म्हणजे बारसं मेलबर्नला होतं, त्यांच्या मुलीच्या, मेघनाच्या घरी. लग्नानंतर नऊ वर्षांनी मेघनाला मुलगी झाली होती. मेघनाला रविवार हवा होता, पण तिच्या सासूने बारावा दिवसच धरला, आणि तो गुरुवारी आला. व्हिसाच्या भानगडीत बकुळाबाईंचं जाणं हुकलं होतं. पहिली नात, आणि आपण तिच्या पाळण्याशी नाही, या विचाराने त्या आठवडाभर कोणाशी धड बोलल्या नव्हत्या. शेवटी त्यांनी रजा टाकली आणि काळाचौकीच्या सगळ्या बायकांना क्वार्टरवर बोलावलं. पाळण्याशी नाही तर नाही, टीव्हीशी तरी सगळ्यांनी मिळून बसू.

त्यांची बहीण सीमा आली, दोघी भावजया आल्या, शेजारच्या चौघीजणी आल्या. बर्फी आली, घुगऱ्या आल्या. मोठ्या टीव्हीवर मेलबर्नची खोली दिसू लागली. आता एवढ्यावर भागायला हरकत नव्हती. पण मेघनाने प्रेमाने प्रत्येकीला वेगळी लिंक पाठवली होती, आणि लिंक आल्यावर ती उघडली नाही तर मुलीला काय वाटेल? शिवाय टीव्हीवर आपण कुठे दिसतो? म्हणून प्रत्येकीने आपापला फोन काढला आणि आपापल्या फोनवरूनही बारशाला हजेरी लावली. एकाच खोलीत खेटून बसलेल्या आठ बायका टीव्हीवरच्या आठ चौकोनांत एकमेकींना हात करू लागल्या. एक बोलली की सात फोनांतून तेच पुन्हा ऐकू येई.

"अगो, तुझा तोंड वाकडा दिसता!" सीमा शेजारीच बसलेल्या भावजयीला फोनमधून म्हणाली.

"हितला नेट बरा असा हां," भावजय म्हणाली. "आमच्याकडे एवढा खंय चलता!"

पाळणा म्हणून झाला. मेलबर्नमध्ये बाळाची आत्या पुढे झाली. ती वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, इकडे आठही जणींनी श्वास रोखला, आणि चित्र थांबलं. आत्याचं तोंड उघडं ते उघडंच. सीमाने टीव्हीच्या पाठीवर थापट्या मारल्या. बऱ्याच वेळाने चित्र सुटलं तेव्हा तिकडे टाळ्या होऊन गेल्या होत्या आणि लोक पेढे खात होते.

बकुळाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नाव नंतर मेसेजने कळलं, पण मेसेज म्हणजे काय! नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते कानाने ऐकायचं होतं.

"ही कार्टी!" त्या छताकडे बघत म्हणाल्या. "वर कोणीतरी बसलाय ओरबाडत!"

संध्याकाळी नम्रता आली. तिचा चेहरा बघून बकुळाबाईंना एकदम आठवलं, मुलाखत आजच होती.

"सुरुवात चांगली झाली होती," ती म्हणाली. "मग अडकलं. ते विचारत होते ते मला तुकड्यातुकड्यात ऐकू येत होतं. मी उत्तर दिलं ते बहुतेक त्यांना ऐकूच गेलं नाही. पुन्हा जोडून बघितलं, पुन्हा तेच. मग ते म्हणाले, पुढचा उमेदवार थांबलाय." ती रडली नाही, आणि तेच बघवत नव्हतं.

स्वतःच्या रागाला असं दुसऱ्याचं चांगलं कारण मिळालं की तो राग फार शोभून दिसतो. बकुळाबाईंनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना कॉमन रूममध्ये गोळा केलं. एका गरीब मुलीच्या आयुष्याशी खेळ झालाय, असं त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, आणि त्यातला अर्धा कंप बारशाचा होता. पहिला मजला पत्ते खेळत होता, त्याला साक्षीदार होते. दुसरा मजला मुलींचा, त्या श्वास रोखून नम्रताच्या दाराबाहेर बसलेल्या. राहिला तिसरा. तिसरा म्हटल्यावर सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

"मॅडम, आईशप्पथ, मी झोपलो होतो," दौलत म्हणाला.

"गेल्या वेळीही तू झोपलाच होतास. लॅपटॉप जागा होता."

ते मात्र खरं होतं. हितेंद्र भावाच्या लग्नाला गावी गेला होता, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं, आणि विचारायची कोणाला गरजही वाटली नाही. सत्र संपेपर्यंत दौलतचं नेट बंद झालं. शिवाय सगळ्यांसमोर नम्रताची माफी मागायची.

"सॉरी गं नम्रता," दौलत उभा राहून म्हणाला. "आज नसेल, पण कधी ना कधी तुझं नेट मी खाल्लंच असेल."

पुढच्या आठवड्यात बंगळूरहून कळलं. जागा दुसऱ्या कोणाला तरी गेली होती. धम्मपाल साळव्यांनी ज्या ज्या नातेवाइकांना आधी सांगितलं होतं त्या सगळ्यांना पुन्हा फोन केले.

हितेंद्र गावाहून परत आला तो लाडू घेऊन क्वार्टरवर आला. बकुळाबाईंनी त्याला बसवलं आणि दौलतला कसा पकडला ते रंगवून सांगितलं. हितेंद्र ऐकता ऐकता गोंधळला.

"दौलत? पण तिसऱ्या मजल्याचं कुलूप मी जायच्या आधी बदललं होतं, मॅडम. नवीन बसवलंय. तिकडून त्या वेळी कोणी काही ओढूच शकत नाही. मलासुद्धा जमणार नाही."

"मग नेट गेलं कुठे?"

"कुठे जाणार? मजल्यांवर नसेल तर..." तो थांबला. "त्या दिवशी क्वार्टरवर काही चालू होतं का?"

"इथे? अकराला इथे बारसं होतं. टीव्ही लावलेला."

"टीव्हीच फक्त?"

"आणि फोन. प्रत्येकीचा." बकुळाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "पण अरे, आमचं बारसंही अडकलं ना!"

"अडकणारच. नऊ ठिकाणी एकदम चालवलंत तर लाइनचाच जीव जाणार. क्वार्टर नंबरात नाहीये ना, मॅडम. तुम्हीच म्हणालात बाहेर ठेव. बाहेर म्हणजे काय, आधी क्वार्टर. क्वार्टरचं भागलं की उरेल ते ज्याचा नंबर त्याला." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तो घाईने म्हणाला, "एरवी काय फरक पडतो हो. तुम्ही दोन मेल बघता."

तो गेल्यावर बकुळाबाईंनी दार लावून घेतलं. त्यांना काळाचौकी आठवत होती, पण नेहमी सांगायच्या ती नव्हे. त्यांची खोली नळाला लागून होती. एकीचा हंडा उचलून दुसरीचा लागेपर्यंत नळ वाहताच असे, आणि त्या मधल्या धारेखाली लहानगी बकुळा तांब्या धरायची. आईनेच शिकवलं होतं. 'मधला पाणी कोणाचाच नसता गो.' एकेक तांब्या करत सकाळभरात पिंप भरायचं. आईला कधी रांगेत उभं राहिलेलं कोणी बघितलं नव्हतं. रांग लावायचं काम तिचं होतं, मग ती रांगेत कशाला असेल? आणि वीस बिऱ्हाडांत कोणी कधी शब्द काढला नाही, कारण शब्द काढला तर उद्याचं भांडण मिटवायला जायचं कोणाच्या दारात? बकुळाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा आईची लाज वाटली. मग स्वतःची वाटली, आणि ती फार मोठी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बंगळूरला फोन लावला. चूक आपल्या क्वार्टरची होती, मुलीची पुन्हा मुलाखत घ्या, लागेल ते लिहून देते, अशी गयावया केली. पलीकडची अधिकारी फार सौजन्याने बोलली. सगळ्या उमेदवारांना सारखाच वेळ दिला होता, असं ती म्हणाली. एकीला दुसरी संधी दिली तर ते बाकीच्यांवर अन्याय केल्यासारखं होईल. मॅडम स्वतः प्रशासनात आहेत, त्या समजून घेतील. बकुळाबाईंनी समजून घेतलं आणि फोन ठेवला.

मग एकच गोष्ट करण्यासारखी उरली होती. त्या संध्याकाळी मेसमध्ये सगळे जेवायला जमले तेव्हा बकुळाबाई मध्ये उभ्या राहिल्या. दौलतने काही केलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी नेट माझ्या घरच्या बारशाने खाल्लं. मी स्वतःला नंबरातून बाहेर ठेवलं होतं. नम्रताची जागा माझ्यामुळे गेली.

 मग पहिल्या मजल्याच्या टेबलावर कोणीतरी टाळी वाजवली. तिला दुसरी टाळी मिळाली, आणि बघता बघता आख्खी मेस टाळ्या वाजवू लागली.

"मॅडम, दौलतला वाचवायला तुम्ही स्वतःवर घेताय!" एक मुलगा भारावून ओरडला.

"अरे, नाही रे! खरंच मी..."

"अशा रेक्टर कुठे मिळत नाहीत, बॉस!"

दौलत तर ताट सोडून धावत आला आणि उष्ट्या हातानेच त्यांच्या पाया पडला. त्याचे डोळे भरले होते. "मॅडम, माझ्यासाठी एवढं नका करू. मीच केलं होतं. मीच उतरवत होतो. मला आता आठवतंय."

"तू झोपला होतास, गाढवा!" बकुळाबाई किंचाळल्या.

त्यावर टाळ्यांना नुसता ऊत आला. त्या जितकं पोटतिडकीने सांगत तितकं पोरांना त्यांचं मन मोठं दिसे. दौलतची शिक्षा माफ झाली. तिथल्या तिथे सगळ्यांनी हात वर करून ठरवलं की मॅडमचं क्वार्टर कधीही नंबरात घ्यायचं नाही. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी रांग लावली तिला रांग कसली? न्यायी म्हणून आपली आठवण राहणार, याची बकुळाबाईंना आता पक्की खात्री झाली. त्यांना रडू येत होतं, आणि तेही चांगलंच दिसत होतं.

टाळ्या थांबल्यावर त्या ताट घेऊन वाढपाच्या रांगेत शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. पोरं बाजूला होत होती, "मॅडम, तुम्ही पुढे जा" म्हणत होती. त्या गेल्या नाहीत. रांग हळूहळू सरकली, त्यांच्या मागेही पोरं येऊन उभी राहिली, आणि त्या आमटीच्या पातेल्यापाशी आल्या. पातेल्यामागे डाव घेऊन नम्रता उभी होती. मुलींच्या पाळ्या अजून फिटायच्या होत्या. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. सगळ्या मेसमध्ये तिला एकटीलाच बकुळाबाईंचं पटलं होतं.

तिने त्यांच्या वाटीत आमटी घातली.

"मुलगी ना, मॅडम? नाव काय ठेवलं?"

"मनवा."

"नीट ऐकू आलं का, ठेवताना?"

"नाही गं. नेमकं तेव्हाच अडकलं. मग मेघनाने मेसेज केला."

"मलाही बंगळूरहून मेसेजच आला," नम्रता म्हणाली आणि डाव पातेल्यात फिरवला. "पुढे सरका मॅडम, मागे रांग आहे."